ज्वारीवर ज्वारी

अण्णा, धाकटीच्या दुखण्याचं नाव कळलं. ती आता बावन्न वर्षांची आहे, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि नाव आत्ता कुठं, गेल्या वर्षी कळलं. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून दिलं तेव्हा धाकटीनं कागद माझ्याकडं सरकवला. "वाच गं अक्का, तुला इंग्रजी येतं," म्हणाली. सिलिॲक. आपल्याकडची जुनी माणसं ज्याला संग्रहणी म्हणायची, त्याच घराण्यातलं हे एक. खाल्लेलं अंगी लागत नाही, कारण गहू सोसत नाही. तुम्ही हेच गिरणीच्या दारात उभे राहून सांगत होतात, नावाशिवाय. मी आयुष्यभर सभा गाजवल्या, ध्वनिक्षेपक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवला. पण हे तोंडानं बोलायला जमत नाही, म्हणून लिहिते आहे. दुखण्याच्या नावामागं आणखी एक गोष्ट आहे, तीही सांगायची आहे. मध्येच थांबले तर पुन्हा सुरुवात करेन.

आधी गिरणीच आठवते. अणदूरच्या अलीकडं, रस्त्याला लागून तुमचं पत्र्याचं शेड. आत पट्ट्याचा फटफटाट आणि गरम पिठाचा वास. बाया डोक्यावरचे डबे उतरवायच्या आणि तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "काय हाय माय, ज्वारी? मग थांब जरा. गव्हावर टाकत न्हाई. ज्वारीवर ज्वारी." दोन दगडांमध्ये आधीच्या धान्याचं थोडं पीठ अडकून राहतं आणि पुढच्या डब्यात उतरतं, हे गिरणीवाल्याला सांगावं लागत नाही. पण गावाला काळजी असायची ती गव्हाची. गव्हात ज्वारी मिसळली की पोळी तुटते, मग बाया भांडायला येतात. ज्वारीत मूठभर गहू गेला तर उलट भाकरी चिवट होते, थापायला बरी पडते, त्यामुळं त्याबद्दल कुणीच तक्रार करत नसे. ज्वारीला रांगेत थांबवून ठेवणारे गिरणीवाले तुम्ही एकटेच. "ह्यो माणूस गव्हाला परजात समजतो का काय," असं एक म्हातारी तुमच्या तोंडावर म्हणाली होती. तुम्ही हसलात आणि तिचा डबा बाजूला ठेवलात.

धाकटी दोन वर्षांची असताना मी दहा वर्षांची होते, त्यामुळं मला सगळं आठवतं. पोट फुगलेलं, दंड माझ्या अंगठ्याएवढे, आणि दिवसातून पाच-सहा वेळा पांढुरकी, चिकट शी. तिचा वास आईच्या लुगड्याला कायमचा चिकटला होता. बाजारच्या दिवशी बसणारे डॉक्टर म्हणाले, जंत आहेत. औषध झालं. मग म्हणाले, भाकरी जड असते, भाकरी बंद करा. दूध-बिस्कीट द्या, पाव द्या, मऊ चपाती द्या. तुम्ही नळदुर्गाहून बिस्किटांचा अख्खा खोका आणलात. आईनं तीन महिने तिला गव्हाशिवाय दुसरं काही दिलं नाही. त्या तीन महिन्यांत पोरगी बसायची ती आडवी झाली. मग एक दिवस दुपारी तुम्ही गिरणीतून मध्येच घरी आलात, तिच्या हातातलं बिस्कीट काढून घेतलंत आणि तुमच्या ताटातली भाकरी ताकात कुस्करून तिच्या तोंडात घातलीत. आई ओरडली, "मारता का काय लेकराला?" तुम्ही म्हणालात, "मरायलीच हाय. जरा उलटं करून बघू." आठ दिवसांत ती बसली. महिन्याभरात उंबरा धरून उभी राहिली.

पण मधूनच पुन्हा बिघडायचं. लग्नसराई आली की हिचं पोट बिघडतं, हे आईनंही ओळखलं होतं. तिचा समज असा की लग्नातलं काहीतरी कुणीतरी चारतं. एका वर्षी गोवर आला म्हणून धाकटीला कुठल्याच लग्नाला नेलं नाही, तरी पोट बिघडलंच. तेव्हा तुम्ही दोन दिवस गप्प होतात. मला वाटतं त्याच दोन दिवसांत तुम्ही दगडापर्यंत पोचलात. लग्नसराईत गिरणीवर दिवसभर गहू. आपल्या घरची ज्वारी त्याच दगडावर, गव्हाच्या मागं. कुणी शिकवलं तुम्हाला हे? तुम्ही चौथी शिकलेले. मी पुढं वैज्ञानिक दृष्टीवर घसा बसेपर्यंत भाषणं केली. घरात तो दृष्टिकोन पिठानं पांढरा होऊन हिंडत होता.

त्यानंतर दर सोमवारी सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, तुम्ही वरचा दगड उचलायचात. मी बॅटरी धरायचे. दुसऱ्या हातात नारळाच्या काथ्याचा कुंचा. तुम्ही म्हणायचात, "त्या खाचंत बघ, माय. हां, ती. घास." दगडाच्या खाचांमधलं पीठ झाडून झालं की तुम्ही दोन शेर ज्वारी टाकायचात आणि ते पीठ म्हशीच्या पाटीत ओतायचात. मग धाकटीची आठवड्याची ज्वारी दळायचात आणि वेगळ्या डब्यात भरायचात. डब्याला लाल चिंधी बांधलेली असायची. "हे धाकलीचं. ह्यात दुसरं मिसळायचं न्हाई." आमच्या दोघांच्याही पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या आणि तुम्ही मला म्हातारी म्हणून चिडवायचात. हे सोमवार मी बारा वर्षांची असल्यापासून घर सोडून कॉलेजला जाईपर्यंत चालले होते, अण्णा. हे मी मुद्दाम इथं लिहून ठेवते आहे.

गावात मात्र निराळंच दिसत होतं. त्या दिवसांत गव्हाची चपाती म्हणजे पाहुण्याचं जेवण, सणाचं जेवण, कमावत्या माणसाचं आणि मुलग्याचं जेवण. आपल्या घरी गिरणीमुळं गहू बरा असायचा. मधल्या भावाच्या ताटात चपाती, माझ्या ताटात चपाती, आणि पाटाच्या टोकाला बसलेल्या धाकटीच्या ताटात भाकरी. होळीला आम्हाला पुरणाची पोळी, तिला भाकरीवर नुसतं पुरण. ती रडायची. मधला तिला पोळी दाखवून दाखवून खायचा. शाळेत गव्हाची गोड सुकडी वाटायचे. तुम्ही गुरुजींना जाऊन सांगितलंत की हिला देऊ नका. गाव काय म्हणणार? "फुकटाची सुकडीबी पोरीच्या तोंडात जाऊ दीना." तुम्ही एकदा-दोनदा समजावून पाहिलंत, "गहू तिच्या आतड्याला सोसत न्हाई हो." लोक हसले. गिरणीवाल्याच्या लेकीला गहू सोसेना, म्हणजे कोळ्याच्या लेकीला पाणी सोसेना! मग तुम्ही समजावणं सोडलंत.

मी तोवर वाचायला लागले होते. हाताला लागेल ते वाचत होते. बाईच्या ताटात शेवटी उरलंसुरलं पडतं, मुलगी अर्धपोटी वाढते आणि त्यालाच आपण तिचं नाजूकपण म्हणतो, हे वाचलं तेव्हा अंगाची आग झाली. ती अजून विझलेली नाही, विझूही नये. वक्तृत्वाच्या स्पर्धेत ढाल मिळवली तेव्हा तुम्ही मला गजराचं घड्याळ दिलंत. म्हणालात, "बोलताना समोर ठिवत जा. तू सुरू झालीस की थांबत न्हाईस. गिरणीला बी खटका असतो, माय. दळण संपलं तरी दगड फिरत ऱ्हायला तर दगडच दगडाला खातो." मला तेव्हा ते लागलं. बक्षीस म्हणून दिलेल्या वस्तूबरोबर बोलणीही खावी लागली, असं वाटलं. ते घड्याळ आत्ता माझ्यासमोर आहे, चालू आहे.

एकोणिसाव्या वर्षी आपल्याच गावात महिलांचा मेळावा भरला आणि बोलायला मला बोलावलं. देवळासमोरचं पटांगण भरलं होतं. मी मुलीच्या ताटावर बोलत होते. टाळ्या पडत होत्या, पण हव्या तशा नाहीत; बाया ऐकत होत्या, हलत नव्हत्या. तेवढ्यात मला तुम्ही दिसलात. तुम्ही गिरणी बंद करून आला होतात, मागं पिंपळाच्या पाराशी उभे होतात, भुवयांवर पीठ तसंच. आणि मी म्हणाले, "लांब कशाला जाता? माझ्याच घरात या. भावाच्या ताटात चपाती आणि धाकट्या बहिणीच्या ताटात भाकरी! सणाला त्याला पोळी, हिला भाकरी! सरकारनं दिलेली सुकडीसुद्धा हिच्या हातातून काढून घेतली जाते! आणि हे कुठं घडतं? ज्या घराच्या दगडावर सगळ्या गावाचा गहू दळला जातो, त्या घरात!" त्यावर पटांगण उसळलं. बाया उठून उभ्या राहिल्या. पुढच्या रांगेत धाकटी बसली होती, अकरा वर्षांची. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यानंतर कुठल्याही श्रोत्याच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. पाराकडं मी पुन्हा पाहिलं तेव्हा तिथं कुणी नव्हतं.

घरी आले तर तुम्ही चुलीपाशी बसला होतात. आईला म्हणालात, "उद्यापासून धाकलीला बी चपाती." आई म्हणाली, "अवं, पण तिला..." तुम्ही म्हणालात, "लोकात शोभा झाली. पोरगी शिकलेली हाय, तिला आपल्यापरीस जास्त कळत आसंल." मला वाटलं, मी जिंकले. धाकटी माझ्या गळ्यात पडली. दुसऱ्या दिवशी तिनं चार चपात्या खाल्ल्या आणि मी उस्मानाबादची गाडी धरून वसतिगृहावर परत गेले.

चार-पाच महिन्यांनी तुम्ही वसतिगृहावर आलात. पुरुषांना आत सोडत नसत, म्हणून फाटकाशी कडुलिंबाखालच्या दगडावर बसलात. हातात फडक्यात बांधलेला डबा होता. मला दुसऱ्या दिवशी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जायचं होतं, मी घाईत होते. तुम्ही बराच वेळ बसच्या गर्दीचं बोललात. मग म्हणालात, "धाकली वाळायली, माय. केस गळायलेत. पायावर सूज दिसायली. म्या म्हणतो, पुन्यांदा भाकरी चालू करावी. तू म्हणशील तसं." बाप लेकीला परवानगी मागत होता. आणि मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण मी ते चांगल्या वाक्यांत म्हणाले होते. "अण्णा, भाकरी पचायला जड असते, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. आणि आता परत भाकरी सुरू केलीत तर गाव काय म्हणेल? की मेळाव्यापुरती चपाती होती! माझ्या शब्दाला काय किंमत राहील?" तुम्ही डब्याचं फडकं सोडून झटकलंत. "व्हय," म्हणालात, "ते बी खरंच." डबा माझ्या हातात दिलात आणि फाटकाबाहेर पडलात. डब्यात ज्वारीचे धपाटे होते. आम्ही पाच मुलींनी उभ्या उभ्या संपवले. वर लोणी होतं.

धाकटी मेली नाही, एवढंच. अधूनमधून भाकरी पोटात जायची म्हणून असेल, किंवा ती चिवट आहे म्हणून असेल. उंची तेवढीच राहिली. लग्न होऊन नळदुर्गला गेली, हायवेवर धाबा असलेल्या घरात, जिथं दिवसभर कणकेचे गोळे पडतात. दोन वेळा पोटातलं गेलं, मग एक मुलगी झाली. रक्त कायम कमी. लोहाची सुई घेतली की महिनाभर बरं, मग पुन्हा तेच. चाळिशीत ओसरीवर घसरली तर मनगटाचं हाड काडीसारखं मोडलं. सासू म्हणायची, "माहेरात खायला मिळालं न्हाई, त्याचं हाय हे." आणि धाकटी ते खोडून काढत नसे, अण्णा. तीसुद्धा तेच धरून बसली होती. तुमच्या तेराव्याला स्वयंपाकघरात बायांना म्हणाली, "आमच्या अण्णांनी सगळ्या गावाला पीठ दिलं, मला तेवढी चपाती द्यायला त्यांचा हात आखडला. अक्का बोलली म्हणून तरी मिळाली." मी तिथं लाडू वळत होते. मी वळत राहिले.

गेल्या वर्षी ती फारच खंगली म्हणून मी तिला सोलापूरला नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, आपल्याच भागातल्या. त्यांनी रक्त तपासलं, घशातून नळी घालून लहान आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. नंतर चित्र काढून समजावलं. आतड्याच्या आतून म्हणे मखमलीसारखी लव असते. अन्नातलं सत्त्व ती लव ओढून घेते, लोह, चुना, सगळं. काही माणसांच्या अंगाला गव्हातला चिकटपणा शत्रू वाटतो. तो आला की अंग लढायला उठतं आणि त्या लढाईत स्वतःचीच लव झडून जाते. आतडं आतून सपाट होतं. मग सोन्याचा घास घाला, तो तसाच पुढं जातो. मला तुमचा दगड दिसला. खाचा झिजून गुळगुळीत झालेला दगड. धान्य वरून पडतं आणि तसंच्या तसं बाहेर येतं. तुम्ही तेव्हा छिन्नी-हातोडी घेऊन दगडाला टाकी लावायला बसायचात. बाईंना विचारलं, लव परत येते का? म्हणाल्या, "गहू पूर्ण बंद केला तर बऱ्याच जणांची येते. या वयात वेळ लागतो. हाडांचं जे झालं ते सगळं भरून निघेलच असं नाही."

मग त्यांनी धाकटीला सहज विचारलं, "लहानपणी कधी तब्येत चांगली होती का?" धाकटी म्हणाली, "व्हती की. धा-अकरा वर्सांची हुईस्तोवर चांगली व्हते. तवा आमाला भाकरीच मिळायची." बाई लिहिता लिहिता थांबल्या. "भाकरी कोण द्यायचं?" "वडील." "आणि नंतर?" धाकटी माझ्याकडं बघून हसली, अभिमानानं. "नंतर आमच्या अक्कानं चपाती चालू करून दिली." बाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही; ती त्यांची सभ्यता. त्यांनी चिठ्ठीवर नियम लिहायला घेतले आणि तोंडानं वाचत गेल्या. गहू, मैदा, रवा, बिस्कीट, पाव, सगळं बंद. ज्वारी चालेल, बाजरी चालेल, तांदूळ चालेल. "आणि एक महत्त्वाचं. गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी चालणार नाही. आधीचं पीठ दगडात राहतं. घरी घरघंटी घ्या, तिच्यात गहू घालूच नका." चाळीस वर्षांनी, पांढऱ्या कोटात, तुमचंच वाक्य.

एक सांगते. त्या मेळाव्यात मी जे म्हणाले ते बाकी गावाबद्दल खरं होतं. त्या पटांगणातल्या कितीतरी घरांत पोरी खरोखर अर्धपोटी झोपत होत्या, आणि त्या भाषणानंतर काही घरांतली ताटं बदललीही. ते वाक्य मी आजही मागं घेणार नाही. वाक्य खरं होतं, पुरावा खोटा होता. खऱ्या गोष्टीसाठी मी सगळ्यांत जवळचा माणूस पुरावा म्हणून उभा केला, कारण तो मागं पाराशी उभा होता आणि उलट बोलणार नव्हता.

यंदाच्या वेळअमावास्येला मधल्याच्या शेतात सगळे जमलो होतो. कडब्याची खोप, आत पांडवांचे चुना लावलेले पाच दगड, ज्वारी-बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, माठभर आंबील. तुम्हाला आठवत असेल, वर्षातला हा एकच सण धाकटीचा होता. गव्हाची खीर तेवढी सोडली तर सगळं तिला चालायचं, आणि खिरीचं पातेलं तुम्ही मुद्दाम लांब, बांधापलीकडं ठेवायला लावायचात. घरघंटीला वर्ष होत आलंय. धाकटीच्या गालावर मांस आलंय. तिनं तीन उंडे खाल्ले आणि मग लेकीला म्हणाली, "तुझी मावशी माझ्यापायी आजोबांशी भरसभेत भांडली व्हती, ठावं हाय का? अक्का, ते चपातीचं भाषण म्हणून दाखव की गं. हिला बी कळू दे."

भाची हसत माझ्याकडं वळली. मी तिला विहिरीवरून पाणी आणायला पाठवलं. आणि सांगितलं, अण्णा. तीन महिन्यांचं बिस्कीट, ताकातली भाकरी, लग्नसराई, दगड, काथ्याचा कुंचा, म्हशीची पाटी, लाल चिंधीचा डबा. वसतिगृहाच्या फाटकातलं बोलणंसुद्धा सांगितलं. सभेत मला कधी शब्द कमी पडले नाहीत. इथं प्रत्येक शब्द खणून काढावा लागत होता. ती ऐकत राहिली. हातातली आंबिलीची वाटी तिनं खाली ठेवली नाही, प्यायलीही नाही.

मग म्हणाली, "म्हंजी त्यांनी मला उपाशी न्हाई ठिवलं."

"नाही."

"माझ्यापायी दगड उचलत व्हते."

"दर सोमवारी."

"आन् म्या त्या माणसावर चाळीस वर्सं रुसून बसले. शेवटच्या दिसांत पाय दाबायला बसवलं तरी तोंड फिरवून बसायची म्या, अक्का." ती रडली नाही. खोपीतल्या दगडांकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळून अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "तुला कवा कळलं गं हे? तवा ठावं न्हवतं ना तुला?"

मी म्हणाले, "नाही गं. आई जायच्या आधी बोलली, तेव्हा कळलं."

"मग तुझा काय दोष," ती म्हणाली. "तू बी लेकरूच व्हतीस." आणि एक उंडा फोडून अर्धा तिनं माझ्या ताटात ठेवला. वर तेल-चटणी घातली. मी तो खाल्ला.

आईनं मला काहीच सांगितलं नव्हतं, अण्णा. बॅटरी माझ्या हातात होती. त्या पटांगणात बोलताना मला तो कुंचा आठवला होता, लाल चिंधीसुद्धा आठवली होती. वाक्य ओठावर आलं तेव्हा एक क्षण मी थांबलेही होते. लोकांना तो वक्तृत्वातला विराम वाटला. पण ती चिंधी सांगितली असती तर टाळी पडली नसती. म्हणून गाळली. या वेळअमावास्येला चिंधी सांगितली, बॅटरी गाळली.

परवा धाकटीकडं नळदुर्गला गेले होते. तिनं घरघंटी लावली, पहिलं मूठभर पीठ काढून बाजूला केलं आणि कोंबड्यांना टाकलं. मी म्हणाले, "अगं, हिच्यात गहू कधी पडलाच नाही, हे कशाला टाकतेस?" म्हणाली, "असू दे. अण्णा टाकायचे ना." मग म्हणाली, "अक्का, तू लिहितीस ना, त्यांच्यावर काहीतरी लिही. म्या वाचीन."

म्हणून लिहायला बसले. तुमच्या घड्याळात दोन तास झालेत. तिच्यासाठी दुसरं काहीतरी लिहीन, सोमवारचं, दगडाचं, लोक वाचून डोळे पुसतील असं. ते मला येतं. हे मात्र तिच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवते आहे. तुमच्यापर्यंत ते पोचायचं नाहीच. जिच्यापर्यंत पोचू शकतं, ती वीस कोसांवर आहे, आणि तिनं माझ्या ताटात ठेवलेला तो अर्धा उंडा मला परत द्यायचा नाही.